नाटकांचें वाचन आणि नाटकांचीं बाडें

नाटक ही पाहण्याची वस्तु आहे, वाचण्याची नव्हे, हें मत आपल्याकडे इतकें रूढ झालें आहे कीं, त्याची तपासणी करण्याची गरजच कोणास वाटत नाहीं. नाटकाचें पुस्तक घेऊन एकटा बसलेला मनुष्य दिसला म्हणजे तो एक तर नट असावा, नाहीं तर परीक्षेचा विद्यार्थी असावा, असा तर्क होतो. केवळ आनंदासाठीं कोणी नाटक वाचील, हें संभवनीय मानलें जात नाहीं. आमचें मत याहून भिन्न आहे. गेलीं पन्नास वर्षें आम्ही नाटकें वाचीत आलों. पाहण्याचे प्रसंग मात्र बोटांवर मोजण्याइतकेच आले. या अनुभवावरून आम्हांस असें वाटूं लागलें आहे कीं, नाट्यवाचन हा प्रयोगाच्या अभावीं पत्करलेला गौण मार्ग नसून तो एक स्वतंत्र आस्वाद आहे; त्याचे नियम निराळे, लाभ निराळे आणि उणीवाहि निराळ्या.

हा विषय साहित्यविषयक मासिकाचा. इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत तो कशासाठीं, अशी शंका वाचक घेतील. तिचें उत्तर असें कीं, वरील मताचा परिणाम रसिकांपुरताच राहत नाहीं. तो आपल्या संग्रहांपर्यंत पोंचतो. जी वस्तु वाचण्याजोगी नाहीं असें आपण एकदां ठरवितों, तिचीं हस्तलिखितें आपण गोळा करीत नाहीं. सनदा, महजर, कैफियती, हिशेबाचे कागद आपण जपून आणतों. आणि त्याच रुमालांत नाटकाचें, लळिताचें अथवा वगाचें बाड निघालें तर तें पुन्हा बांधून धन्याच्या हवालीं करतों. हा प्रमाद आमच्या हातूनहि घडला आहे. त्याची कबुली पुढें येईल. तत्पूर्वीं मूळ मताचा विचार करूं.

संस्कृत साहित्यशास्त्रानें काव्याचे दृश्य आणि श्रव्य असे दोन भेद केले व नाटक दृश्यांत घातलें. नाटक वाचूं नये असें म्हणणारे याच वर्गीकरणाचा आधार घेतात. परंतु ज्या परंपरेनें हा भेद केला, तिच्याच थोर आचार्यांनीं तो किती सैल मानला आहे हें पाहण्यासारखें आहे. अभिनवगुप्तानें नाट्यशास्त्रावरील आपल्या टीकेंत असा अभिप्राय दिला आहे कीं, काव्याच्या अभ्यासानें ज्यांचें मन निर्मळ झालें आहे, त्यांच्यापुढें केवळ काव्यानेंच त्याचा अर्थ प्रत्यक्ष पाहिल्यासारखा उभा राहतो. नटाच्या साहाय्याची गरज मुख्यतः इतरांस. धारच्या भोजराजानें शृंगारप्रकाशांत याच्याहि पुढें जाऊन, नटांपेक्षां कवींस आणि अभिनयापेक्षां काव्यास आपण अधिक मानतों, असें स्पष्ट सांगितलें. पश्चिमेकडे ॲरिस्टॉटलनें शोकनाट्याचा परिणाम प्रयोगावांचून, केवळ वाचनानेंहि साधतो असें म्हटलें. आणि चार्लस लॅम या इंग्रज निबंधकारानें १८११ सालीं शेक्सपिअरचा 'किंग लिअर' रंगभूमीवर मावतच नाहीं, असा पक्ष मांडला. आम्ही भोजाइतके किंवा लॅमइतके टोकास जात नाहीं. नटाचें महत्त्व कमी करण्याचा आमचा हेतु नाहीं. वाचकाचें आसन प्रेक्षकाच्या पायापाशीं नाहीं, शेजारीं आहे, इतकेंच आमचें म्हणणें.

'वाचणें' हा शब्दहि येथें साक्ष देतो. तो संस्कृत वच् धातूच्या प्रयोजक रूपापासून आला असून त्याचा मूळ अर्थ 'बोलावयास लावणें' असा आहे. लिहिलेलें अक्षर मुकें. वाचणारा त्यास बोलतें करतो. आपल्याकडे चातुर्मासांत पोथी लावतात तेव्हां हाच अर्थ प्रत्यक्षांत उतरतो. एकजण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, भोंवतीं घरचीं व शेजारचीं माणसें ऐकत बसतात. ओंठ न हलवितां मनांतल्या मनांत वाचणें ही वाचनाची एक तऱ्हा झाली. एकमेव तऱ्हा नव्हे. तेव्हां नाटकाचें वाचन म्हणजे प्रयोगाच्या अगदीं विरुद्ध क्रिया, असें समजण्याचें कारण नाहीं.

आतां प्रत्यक्ष नाटकांवरून पाहूं. भवभूतीच्या उत्तररामचरिताच्या पहिल्या अंकांत लक्ष्मण राम-सीतेस त्यांच्याच पूर्वचरित्राचीं चित्रें दाखवितो. प्रेक्षकांस तीं चित्रें कशानें दिसतात? पात्रें चित्रांकडे पाहून जें बोलतात त्यावरूनच प्रेक्षक तीं मनांत रेखाटतो. आणि वाचकहि नेमकें तेंच करतो. शाकुंतलाच्या आरंभीं दुष्यंताचा रथ हरणामागें धांवतो. रंगावर हरीण नाहीं, रान नाहीं. नट वेगाचा अभिनय करतो, आणि मान वळवून मागें पाहणारें हरीण श्लोकांतून पळतें. मृच्छकटिकांतील शर्विलक मध्यरात्रीं चारुदत्ताच्या भिंतीस भोंक पाडण्यापूर्वीं त्याचा आकार कोणता असावा याची शास्त्रोक्त चर्चा करतो. ती भिंत वाचकाच्या हातास लागते. संस्कृत नाटककारास रंगविलेल्या पडद्यांचें साहाय्य नव्हतें, म्हणून त्यानें देखावा शब्दांत बांधला. यावरून आम्हीं आपल्यापुरती एक कसोटी ठरविली आहे. जें नाटक आपली रंगभूमि आपल्या शब्दांत घेऊन येतें, तें वाचनास पूर्ण. जें ती सुतार आणि रंगारी यांच्या भरंवशावर सोडतें, तें वाचनांत अर्धें.

उलट बाजूहि सांगितली पाहिजे. त्याच उत्तररामचरिताच्या तिसऱ्या अंकांत सीता अदृश्य रूपानें वावरते. रामास ती दिसत नाहीं, प्रेक्षकांस दिसते. प्रयोगांत ती डोळ्यांपुढें उभी असल्यामुळें रामाच्या प्रत्येक वाक्याचा परिणाम तिच्या मुखावर पाहतां येतो. वाचतांना मात्र ती क्षणभर बोलली नाहीं कीं आपण तिला विसरतों. येथें वाचकानेंच तिला धरून ठेवावें लागतें. जो हें करीत नाहीं त्यानें केवळ रामाचा शोक वाचला. तो अंक वाचला नाहीं.

दुसरी उणीव आम्हां शिक्षकांनीं निर्माण केली आहे. संस्कृत नाटकांत स्त्रिया, विदूषक आणि हलक्या दर्जाचीं मानलेलीं पात्रें प्राकृत बोलतात, आणि छापील प्रतींत त्याखालीं संस्कृत छाया देतात. आम्हीं शाळेंत अनेक वर्षें मुलांस ती छायाच वाचावयास लावली. सोय झाली खरी. परंतु शकुंतला, विदूषक आणि मुद्रिका सांपडलेला धीवर हे सर्व एकाच सुरांत बोलूं लागले. मृच्छकटिकांतील शकार 'स' च्या जागीं 'श' उच्चारतो. त्याचा सारा पोकळ डौल त्या एका अक्षरांत आहे, आणि छायेंत तो पार नाहींसा होतो. प्राकृत गाळून संस्कृत नाटक वाचणें म्हणजे सर्व पात्रांस एकच पोशाख चढविणें होय. ही चूक आम्हांस निवृत्तीनंतर, परीक्षेची घाई संपल्यावर कळली.

येथवर आस्वादाचा विचार झाला. आतां इतिहासास असें विचारूं कीं, जुनीं नाटकें आपणांपर्यंत आणलीं कोणी? अजमेर येथें सोमदेवाचें 'ललितविग्रहराज' आणि चाहमान राजा चौथा विग्रहराज याचें 'हरकेलि' या नाटकांचे भाग शिळांवर कोरलेले सांपडले. त्यांपैकीं हरकेलीच्या लेखाचा काळ इ. स. ११५३ आहे. धार येथें १९०३ सालीं परमार राजा अर्जुनवर्मा याचा गुरु मदन याच्या 'पारिजातमंजरी' नाटिकेचा शिलालेख उजेडांत आला, व हुल्ट्श यांनीं तो एपिग्राफिया इंडिकाच्या आठव्या खंडांत छापला. नाटिका चार अंकांची. मिळालेल्या शिळेवर पहिले दोनच अंक आहेत, उरलेले दुसऱ्या शिळेवर असावेत. प्रस्तावनेंत वसंतोत्सवांतील प्रयोगाचा उल्लेख आहे. त्या वसंतोत्सवाचे नट, वाद्यें, प्रेक्षक यांपैकीं कांहीं उरलें नाहीं. उरलें तें अक्षर, आणि तेंहि अर्धें. ज्यांनीं नाटक दगडावर कोरविलें त्यांची तें वाचलें जावें अशी इच्छा होती, इतकें तरी मान्य केलें पाहिजे. भोजाच्याच नगरींत ही नाटिका दगडावर यावी, हा योग विचार करण्याजोगा आहे.

भासाची कथा सर्वपरिचित आहे. कालिदासानें मालविकाग्निमित्राच्या प्रस्तावनेंत ज्याचें नांव आदरानें घेतलें, त्याचीं नाटकें शतकानुशतकें केवळ नांवानें आणि अवतरणांनीं ठाऊक होतीं. त्रावणकोरांत टी. गणपतिशास्त्री यांस ताडपत्रांच्या पोथ्या मिळाल्या व १९१२ पासून त्यांनीं तेरा नाटकें प्रसिद्ध केलीं. पोथ्यांवर कर्त्याचें नांव नसल्यामुळें तीं सर्व भासाचींच काय, हा वाद अद्यापि चालतो. केरळांतील कूडियाट्टमाच्या नटांनीं त्यांपैकीं कांहीं अंक रंगभूमीवर जिवंत ठेविले होते, हें त्यांचें ऋण मोठें आहे. परंतु त्या परंपरेंत एकेक अंकच अनेक रात्रीं चालतो. 'स्वप्नवासवदत्त' एका बैठकींत सलग अनुभवण्याचें सुख उर्वरित देशास मिळालें तें वाचनानें. त्याच्या पांचव्या अंकांत मंद दिव्याच्या उजेडांत वासवदत्ता शय्येवर निजलेल्या राजास पद्मावती समजून शेजारीं बसते. हा प्रसंग पहिल्यानें वाचला त्या रात्रीं आम्हीं पुस्तक मिटून दिवा मालविला, पण झोंप आली नाहीं.

आपल्या भाषेकडे वळल्यावर हीच गोष्ट अधिक जवळून दिसते. तंजावरच्या भोसले राजांपैकीं शहाजी (राज्यकाल १६८४ ते १७१२) याचें 'लक्ष्मीनारायणकल्याण' आणि दुसरे सरफोजी यांची 'देवेंद्र कुरवंजी' हीं मराठी नाट्यें सरस्वती महाल ग्रंथालयाच्या हस्तलिखितांमुळें आपणांस ठाऊक झालीं. कुरवंजींत सरफोजींनीं पृथ्वीचा भूगोल गाऊन सांगितला आहे. तंजावरच्या दरबारांत हें कसें शोभलें असेल तें आज कोणी पाहूं शकत नाहीं, वाचूं मात्र शकतो. याच्या उलट विष्णुदास भावे यांचें उदाहरण घ्या. ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं सांगलीस 'सीतास्वयंवर' झालें. त्यांत सूत्रधार पदें म्हणे आणि पात्रें आयत्या वेळीं सुचेल तें बोलत. पदें पुढें 'नाट्यकवितासंग्रहा'त छापलीं गेलीं. संभाषणें हवेंत गेलीं. भावे यांचीं नाटकें आज वाचतां येत नाहींत, याचें कारण तीं वाचण्यासाठीं नव्हतीं हें नसून तीं लिहिलींच गेलीं नाहींत, हें आहे.

पुढें परशुरामतात्या गोडबोले, कृष्णशास्त्री राजवाडे यांचीं संस्कृत नाटकांचीं भाषांतरें आलीं. १८६१ सालीं विनायक जनार्दन कीर्तने यांचें 'थोरले माधवराव पेशवे' हें स्वतंत्र गद्य नाटक प्रसिद्ध झालें. अशा नाटकांस त्या काळीं 'बुकिश' म्हणत. हा शब्द कांहींसा हेटाळणीचा वाटतो. परंतु मराठी नाटक पुस्तक झालें म्हणूनच तें एका रात्रीचें न राहतां पुढच्या पिढीचें झालें, ही गोष्ट त्याच शब्दांत नोंदली गेली आहे.

जोतीराव फुले यांच्या 'तृतीय रत्न' नाटकाचें प्रकरण तर संग्राहकांनीं नित्य ध्यानांत ठेवावें असें आहे. हें नाटक त्यांनीं १८५५ सालीं लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिलें, आणि कमिटीनें तें स्वीकारलें नाहीं. ही हकीकत त्यांनीं स्वतः 'गुलामगिरी'त (१८७३) नमूद केली आहे. नाटक छापून प्रसिद्ध झालें तें १९७९ सालीं. म्हणजे सव्वाशें वर्षें तें केवळ हस्तलिखितरूपानें जिवंत होतें. जोश्याच्या थापांस भुललेलें एक कुणबी जोडपें शेवटीं शिकावयास निघतें, आणि मधून मधून विदूषक येऊन झालेल्या बोलण्यावर टीका करतो. हा विदूषक वाचकाच्या खांद्यावर हात ठेवून बोलतो, हें वाचतांना विशेष जाणवतें. तें हस्तलिखित कोणी रद्दींत टाकलें असतें, तर मराठी नाटकाच्या आरंभाचा इतिहास आज आपण निराळाच सांगितला असता, आणि आपण चुकत आहों हेंहि आपणांस कळलें नसतें.

नाटक लिहून झालें म्हणजे तें पूर्ण झालें कीं प्रयोग झाल्यावर पूर्ण झालें, या प्रश्नास राम गणेश गडकरी यांच्या मृत्यूनें एक करुण उत्तर दिलें आहे. ते २३ जानेवारी १९१९ रोजीं वारले. 'एकच प्याला' त्यानंतर रंगभूमीवर आलें. कर्त्यानें स्वतः तें कधीं पाहिलें नाहीं. त्याच्यापुढें होतें तें कागदावरचें नाटक. त्यांतील पदें विठ्ठल सीताराम गुर्जर यांचीं. प्रयोगांत बालगंधर्वांच्या गायनानें श्रोते भारून जात. वाचनांत तें सुख नाहीं, ही हानि आम्हीं मान्य करतों. परंतु पदें लहान होऊन मागें सरलीं म्हणजे सुधाकराच्या अधःपाताच्या पायऱ्या एकीमागून एक स्वच्छ दिसूं लागतात, आणि गडकऱ्यांची बांधणी किती कठोर आहे तें कळतें.

केवळ वाचनाच्या मर्यादेचेंहि एक उदाहरण देतों, म्हणजे आमच्यावर एकांगीपणाचा दोष येणार नाहीं. खाडिलकरांचें 'कीचकवध' १९०७ सालीं रंगभूमीवर आलें आणि १९१० सालीं सरकारनें त्यावर बंदी घातली. प्रेक्षकांनीं कीचकांत लॉर्ड कर्झन पाहिला. संहितेंत शोधावयास जाल तर कर्झनचें नांव कोठेंहि नाहीं. विराटनगरी आहे, सैरंध्री आहे, भीम आहे. जो अर्थ टाळ्यांत होता तो पुस्तकांत नाहीं. अशा ठिकाणीं संशोधकानें संहितेबरोबर त्या काळचीं वर्तमानपत्रें व सरकारी कागद वाचले पाहिजेत.

चित्रपटांच्या बाबतींत हा प्रश्न आणखी निकट आला आहे. फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्रा'चा (१९१३) कांहीं भागच आज शिल्लक आहे. पहिला हिंदी बोलपट 'आलमआरा' (१९३१) याची एकहि प्रत उरलेली नाहीं. दगड, ताडपत्र आणि कागद यांच्या मानानें ती फीत अल्पायुषी ठरली. पटकथा वाचणें मात्र नाटक वाचण्याहून अवघड आहे; कारण तिचीं वाक्यें बरीचशीं छायालेखकास उद्देशून असतात. घराचा नकाशा पाहून घर कल्पावें, तशी ती वाचावी लागते. तथापि ज्यास नकाशा वाचतां येतो त्यास भिंती पडल्यावरहि घर दिसतें. चित्रपटगृहांत विकल्या जाणाऱ्या पदांच्या व कथासारांच्या चोपड्या, टंकलिखित पटकथा, हीं यापुढें आपल्या संग्रहांत आलीं पाहिजेत.

आतां आमच्या जिल्ह्याविषयीं. धाराशिव (२०२३ पर्यंत उस्मानाबाद) जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होता. वरच्या वर्गांचें शिक्षण उर्दूंतून चाले. आमचे वडील सांगत कीं, आमच्या खेड्यापर्यंत नाटकमंडळी येत नसे, पुस्तक येई. बार्शी लाइट रेल्वे १९११ सालीं लातुरापर्यंत पोंचली होती. तिनें कोणी सोलापूर-बार्शीकडे गेला म्हणजे येतांना नाटकाचें पुस्तक आणी. वडिलांच्या पेटींत 'शाकुंतल', 'शारदा', 'एकच प्याला' हीं होतीं. आमच्या लहानपणीं रात्रीं ओसरीवर ते नाटक वाचीत आणि सगळ्या पात्रांचे आवाज स्वतः काढीत. आमच्या आत्यास अक्षरओळख नव्हती. तिनें जन्मांत नाटकगृह पाहिलें नाहीं. पण 'शारदे'तील कांचनभटाचें नांव निघालें कीं ती जात्यावरून उठून त्यास शिव्या देई. या आत्यानें नाटक पाहिलें नाहीं, असें आम्हांस म्हणवत नाहीं. पुढें एप्रिल २०१७ मध्यें अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचें ९७ वें अधिवेशन जयंत सावरकर यांच्या अध्यक्षतेखालीं आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणीं भरलें. त्या गर्दींत उभे असतां आम्हांस त्या ओसरीची आठवण झाली.

आमच्या जिल्ह्यांत नाट्य नव्हतें, असा याचा अर्थ नाहीं. तुळजापुरीं आईचा गोंधळ आहे. संबळ वाजतें, तुणतुणें लागतें, दिवटी पेटते, देवदेवतांस गोंधळास बोलाविलें जातें आणि मग आख्यान रंगतें. हें सर्व कागदावर उतरविलें तरी गोंधळ उतरत नाहीं, हें आम्हीं जाणतों. लळिताचेंहि तसेंच. परंतु जें संपूर्ण उतरत नाहीं तें मुळींच उतरवूं नये, हा न्याय नव्हे.

आणि येथें आमची कबुली. १९९० च्या सुमारास उमरगा तालुक्यांतील एका गांवीं जुन्या घरीं आम्हीं कागद पाहण्यास गेलों होतों. यजमानांनीं दोन रुमाल पुढें ठेविले. एकांत मोडी पत्रें व इनामाचे कागद होते. ते आम्हीं दोन दिवस बसून उतरून घेतले. दुसऱ्यांत एक लांबट बाड होतें. उघडलें तों बाळबोध अक्षरांत पदें, आणि मधून मधून भालदार, वासुदेव, गोंधळी अशीं पात्रांचीं नांवें. कडेला तांबड्या शाईनें दोन शब्द होते : 'दिवटी इकडे'. आम्हीं एक पान पाहिलें, आणि "हें सोंगाचें बाड आहे, इतिहासाचें नव्हे," असें म्हणून यजमानांस परत दिलें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपांत तें घर पडलें. यजमानांच्या घरचीं माणसें वांचलीं, हें दैव. दोन्ही रुमाल मातींत गेले. इनामाच्या कागदांच्या आमच्या नकला आहेत. त्या इनामाविषयीं आजपर्यंत कोणीहि आम्हांस कांहीं विचारलेलें नाहीं. त्या बाडाविषयीं मात्र आम्हीच स्वतःस पुष्कळदां विचारतों. 'दिवटी इकडे' या दोन शब्दांनीं एक सारा चौक उजळतो. कोणी तरी अंधारांतून पुढें येत आहे, आणि त्याच्या मुखावर उजेड पडला पाहिजे. तो कोण होता, हें आतां कळावयाचें नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे. नाट्याचें बाड मिळाल्यास तें पत्राप्रमाणेंच नोंदावें. कर्त्याचें नांव नाहीं म्हणून टाकूं नये, पारिजातमंजरीप्रमाणें अर्धें आहे म्हणूनहि टाकूं नये. नटाची नक्कल, म्हणजे एकाच पात्राच्या भाषणांची वही, मिळाली तर ती अपुरी प्रत न समजतां स्वतंत्र साधन समजावी. विंगेंतून सांगणाऱ्याच्या प्रतींतील खोडाखोड, गाळलेलीं पदें, कडेच्या सूचना, तेलाचे डाग हें सर्व जसेंच्या तसें टिपून घ्यावें, कारण प्रयोगाचा जो अंश कागदावर येऊं शकतो तो तेथेंच असतो. भाषा शुद्ध करूं नये. शकाराचा 'श' आपण एकदां घालविलाच आहे.

आणि नोंद झाल्यावर तें बाड वाचावें. अगोदर पात्रें ध्यानांत घ्यावीं. कोण रंगावर आहे व कोण गेला याचा हिशेब ठेवावा. जें पात्र गप्प आहे त्याकडेहि पाहावें. आणि घरांत कोणी ऐकणारें असेल तर मोठ्यानें वाचावें. असें केल्यास आपल्या दप्तरांतील पुष्कळ मुके कागद बोलूं लागतील, अशी आमची खात्री आहे. ज्या वाचकांच्या घरीं अथवा गांवीं असें एखादें बाड असेल, त्यांनीं तें पाहण्यास आम्हांस बोलवावें. आतां आम्ही एक पान पाहून उठणार नाहीं. इत्यलम्.